ट्यूलिपचे कंद आणि पोटातलं बाळ

1945 चा फेब्रुवारी संपत आलाय. तुम्ही अ‍ॅमस्टरडॅममध्ये, सार्वजनिक स्वयंपाकघराच्या रांगेत उभे आहात. हातात झाकणाचं भांडं आहे. ऑक्टोबरपासून शहरात गॅस नाही, वीज नाही. समोरच्या ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे लोकांनी रातोरात उपटून नेलेत, चुलीत घालायला. सप्टेंबरमध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला, देशाचा ताबा असलेल्या जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली, मग कालवे गोठले. रेशनवर आता माणशी दिवसाला 400 ते 800 कॅलरी मिळतात. तुमच्या भांड्यात शुगरबीटचं पातळ पाणी पडतं.

तुमच्या पुढे दोन बायका आहेत. एकीला आठवा महिना लागलाय. ती दर चार पावलांनी भिंतीचा आधार घेते. दुसरी सांगते, पाळी दहा दिवस चुकलीय. तिला त्याचं काही वाटत नाही. उपासमारीनं शहरातल्या कितीतरी बायकांची पाळी थांबलीय, तिचीही थांबली असेल. तिच्या पिशवीत ट्यूलिपचे कंद आहेत. घरी जाऊन ती ते सोलेल, मधला पिवळा कोंभ काढून टाकेल, कारण तो खाल्ला तर माणूस आजारी पडतो, आणि उरलेलं उकडून खाईल. तिला दिवस गेलेत, हे या रांगेत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगून उपयोग नाही. द्यायला तुमच्याकडेही काही नाही.

मार्चअखेर पहिली बाळंत होते. बाळ हलकं आहे, अशी बाळं नेहमीपेक्षा सरासरी पाव किलोनं कमी भरतात. 5 मे रोजी देश मुक्त होतो आणि जूनपर्यंत रेशन 2000 कॅलरींच्या वर जातं. दुसरीला उरलेले सहा महिने पोटभर मिळतं. ऑक्टोबरअखेर तिला मुलगा होतो, चांगला गुटगुटीत. सुईण म्हणते, उपासमारीनं याचं काही बिघडवलं नाही. तुम्हालाही तसंच वाटतं.

आता 1964. मुलं एकोणीस वर्षांची झालीत, सैन्यभरतीच्या तपासणीला आलीत. हे कागद पुढे अभ्यासकांच्या हाती लागतात, सुमारे 3 लाख तरुणांचे. ज्यांनी गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात दुष्काळ सोसला, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघतो. ज्यांनी अखेरीस सोसला, त्यांच्यात कमी. पुढच्या नोंदी अधिक जड आहेत. दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट. पहिल्या महिन्यांत उपासमार झालेली माणसं पन्नाशीनंतरही इतरांपेक्षा अधिक तेलकट-तुपकट खाताना आढळली. गुटगुटीत बाळाच्या अंगात भूक अशी दडून राहिली.

आणखी पुढे या, 2008 पर्यंत. लायडनच्या संशोधकांपुढे रक्ताचे नमुने आहेत: दुष्काळात गर्भ राहिलेल्या, आता साठीतल्या माणसांचे, आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांचे, ज्यांना दुष्काळ लागला नाही. तेच आईबाप, तेच घर. वाढीशी संबंधित एका जनुकावर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात. ते जनुक किती वाचलं जावं, याच्याशी त्यांचा संबंध असतो. दुष्काळातल्या भावंडांत त्या कमी निघाल्या. जनुकाची अक्षरं तीच होती. साठ वर्षं लोटली, तरी फरक टिकून होता.

असं का घडावं? एक उत्तर उत्क्रांतीत शोधतात. हजारो पिढ्या आईची भूक हीच बाहेरच्या जगाची बातमी होती. ती ऐकून, मिळेल ते साठवणारं शरीर घडवणारा गर्भ तगला. हॉलंडमध्ये बातमी तीन महिन्यांतच शिळी झाली. सगळं मात्र या हिशेबात बसवू नये. स्किझोफ्रेनिया ही कसली तयारी नव्हे, ती घडत्या मेंदूला झालेली इजा असावी. जनुकाची अक्षरं तीच असूनही इतका फरक पडत असेल, तर कुणाच्या वागण्याबद्दल “रक्तातच आहे” म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

शेवटचा मुक्काम आपल्याकडचा. 1990 च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नवजात बाळं मोजताहेत. वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला ते 3.5 आहे. अंगात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळं मोठी होती.

आपण डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो, ओटी भरतो, हौसेनं ताट वाढतो. ते जरूर करा. पण पहिल्या तीन महिन्यांत, गोड बातमी अजून घराबाहेर गेलेली नसते तेव्हा, घरातली सून शेतात वाकलेली असते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर मेथीची भाजी आणि पेलाभर दूध तिला आजपासून द्या, आणि तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा.