मोटारीची चोरप्रतिबंधक यंत्रणा आणि दुरुस्तीचे ज्ञान : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सकाळी सुरळीत सुरू झालेली मोटार दुपारी बाजारात सुरू होत नाही. अर्ध्या तासाने काहीही न करता ती सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली असता तिच्यात कोणताही दोष आढळत नाही. चोरापासून संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने मालकालाच अधूनमधून नाकारावे, हा अनुभव आज अनेक वाहनधारकांना येतो. वरवर पाहता हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटतो. तथापि, त्यामागे दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. प्रस्तुत निबंधात चोरप्रतिबंधक यंत्रणेच्या विकासाचा आढावा घेऊन, या विकासाने ग्रामीण भागातील मिस्त्रीच्या स्थानात कोणता बदल घडविला, याचे विवेचन केले आहे.

या प्रश्नाचा विचार भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उचित ठरते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात सात तालुके राहिले. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो. गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे. म्हणजेच मोटार-उद्योग या जिल्ह्याला परका नाही. असे असूनही नव्या मोटारीच्या संगणकीय दोषासाठी येथील वाहनधारकाला पुष्कळदा नागपूरची वाट धरावी लागते. भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटर आहे. लाखांदूरकडील वाहनधारकासाठी हे अंतर त्याहून कितीतरी अधिक होते. बंद पडलेली मोटार दुसऱ्या वाहनावर लादून इतक्या दूर न्यायची आणि तेथे पोहोचताच ती सुरू व्हावी, यात वेळ, पैसा आणि विश्वास या तिन्हींची हानी होते.

धातूच्या किल्लीचा काळ

प्रारंभीच्या मोटारी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा सेल्फ आला आणि मोटार सुरू करणे सुलभ झाले. जे मालकाला सुलभ झाले, ते चोरालाही सुलभ झाले. १९१९ मध्ये अमेरिकेला चोरीची वाहने राज्याबाहेर नेण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने एकाच किल्लीने इग्निशन व सेल्फ चालविण्याची सोय केली. पुढे १९७० पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना, किल्ली काढल्यावर सुकाणू अथवा पुढे जाण्याची गती रोखणारे कुलूप आवश्यक ठरले. या सर्व उपायांचे स्वरूप यांत्रिक होते. कुलूप योग्य दात्यांची किल्ली ओळखत असे. किल्ली कोणाच्या हातात आहे, हे त्याला कळत नसे.

भारतात दीर्घकाळ अॅम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप याच गाड्यांचे प्राबल्य होते. या गाड्यांच्या इग्निशन स्विचमागील वायरी परस्पर जोडल्या की गाडी किल्लीविना सुरू करता येत असे. गॅरेजच्या भाषेत याला गाडी ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. बॅटरी उतरली असल्यास चार माणसांनी धक्का दिला की काम भागत असे. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी डायरेक्ट करण्याचे कौशल्य चोराकडे होते, तसेच ते मिस्त्रीकडेही होते. दोघांचे ज्ञान एकच होते, भेद होता तो केवळ हेतूचा. किल्ली हरवलेला प्रवासी रात्रीच्या वेळी महामार्गावर ज्याच्या भरवशावर राहत असे, तो मिस्त्री याच ज्ञानाचा धारक होता.

संकेताच्या किल्लीचा काळ

१९८६ च्या कॉर्व्हेट मोटारीत जनरल मोटर्सने नवी पद्धत आणली. किल्लीच्या पात्यावर विद्युतरोध असलेली लहानशी गोळी बसविण्यात आली. अशा गोळ्यांची पंधरा मूल्ये होती. मूल्य जुळले नाही तर यंत्रणा काही मिनिटे मोटार सुरू होऊ देत नसे. परंतु गोळी मळली, संपर्क झिजला किंवा सुकाणूच्या नळीतील बारीक वायर वारंवार पिळली जाऊन तुटू लागली, की खऱ्या किल्लीलाही नकार मिळे. याच कंपनीच्या पुढील ‘पासलॉक’ यंत्रणेत ओळख कुलपातील संवेदकाकडे गेली. परंतु तेथेही अधूनमधून नकार मिळू लागला आणि दहा मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करणे हा मालकांच्या अंगवळणी पडलेला उपाय ठरला. म्हणजेच अधूनमधून उद्भवणारा हा दोष या यंत्रणेच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

त्यानंतर किल्लीच्या मुठीत सूक्ष्म चिप बसविण्याची पद्धत रूढ झाली. युरोपीय समुदायाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर अनिवार्य झाला. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे कडे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत पाठविते. संकेत जुळला तरच इंजिनाचा संगणक इंधन व ठिणगी यांना अनुमती देतो. अनुमती नसेल तर वायरी जोडून अथवा धक्का देऊन उपयोग होत नाही.

भारतात या बदलाची पूर्वतयारी प्रदूषणविषयक नियमांनी केली. २००० पासून क्रमाने कठोर होत गेलेल्या मानकांमुळे कार्बोरेटर मागे पडला आणि इंजिनाचा ताबा संगणकाकडे गेला. संगणक आल्यानंतर इमोबिलायझर बसविणे सोपे झाले. मारुतीच्या गाड्यांमध्ये ही यंत्रणा ‘आय-कॅट्स’ या नावाने परिचित झाली. धूर कमी करण्यासाठी आलेल्या संगणकाने अशा रीतीने कुलपाचेही काम स्वीकारले.

अनियमित दोषाचे निदान

कोणत्याही ओळख-यंत्रणेत दोन प्रकारच्या चुका संभवतात : परक्याला आत घेणे आणि आपल्याला नाकारणे. पहिली चूक टाळण्यासाठी यंत्रणा जितकी कडक करावी, तितकी दुसरीची शक्यता वाढते. दोषाचे निदान करताना हे सूत्र उपयोगी पडते. संकेत किल्लीपासून संगणकापर्यंत ज्या साखळीतून जातो, तिची प्रत्येक कडी क्रमाने तपासणे हाच त्याचा मार्ग होय.

प्रथम लक्षण ओळखावे लागते. सेल्फ मंद फिरत असेल किंवा फिरतच नसेल, तर आधी बॅटरी व तिचे टर्मिनल तपासावेत. मात्र काही गाड्यांत इमोबिलायझर सेल्फही रोखतो. सेल्फ जोमाने फिरतो परंतु इंजिन पेट घेत नाही, अथवा पेट घेऊन लगेच बंद पडते आणि डॅशबोर्डवरील किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतो, तर इमोबिलायझरचा संशय बळावतो. त्यानंतर दुसरी किल्ली वापरून पाहावी. दुसऱ्या किल्लीने दोष नाहीसा झाला तर तो पहिल्या किल्लीतील चिपचा असण्याचा संभव मोठा. एकाच कडीत दोन गाड्यांच्या किल्ल्या असतील तर त्या वेगळ्या कराव्यात, कारण दोन चिपांचे संकेत एकमेकांत मिसळू शकतात. पुढे कड्याचा कनेक्टर, फ्यूज व अर्थिंग पाहावे. बॅटरी अशक्त असल्यास सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली येते आणि संगणकाचे संकेतवाचन चुकू शकते. धानाच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हेही कारण असू शकते. बाहेरच्या दुकानातून बसविलेला अलार्म व त्यासाठी मूळ वायर कापून जोडलेला रिले यांचा सांधा उष्णतेने किंवा पावसाळी दमटपणाने सैल होतो, ही शक्यताही दुर्लक्षिता येत नाही. दोष कोणत्या वेळी, किती तापमानात, कोणत्या किल्लीने उद्भवला याची नोंद ठेवल्यास निदान पुष्कळ सुकर होते.

यांतील बहुतेक पायऱ्या तालुक्याच्या गावातील जाणत्या मिस्त्रीला टेस्ट-लॅम्प व मीटर यांच्या साहाय्याने पार पाडता येतात. अडचण येते ती अखेरच्या पायरीवर. दोषसंकेत वाचणे आणि नवी किल्ली संगणकाला ओळखावयास लावणे, यासाठी कंपनीचे स्कॅनर व गुप्त संकेत लागतात.

ज्ञानावरील ताबा

हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढेही आला. सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करून न दिल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली व त्याच वर्षी त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले.

यावर उत्पादकांचा आक्षेप असा की, संकेत खुले केल्यास ते चोरांच्या हाती पडतील. हा आक्षेप निराधार नाही. परंतु केवळ गुप्ततेवर सुरक्षा टिकत नाही, हेही इतिहास सांगतो. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आर. एस. ए. प्रयोगशाळेतील संशोधकांनी लक्षावधी किल्ल्यांत वापरली जाणारी गुप्त राखलेली संकेतपद्धती उलगडून दाखविली. अमेरिकेत ओळख पडताळलेल्या कुलूपकारांची नोंदणी करून त्यांना अशी माहिती देण्याची पद्धत अवलंबिली गेली आहे. चोर व मिस्त्री यांतील भेद हेतूचा असल्याने तो यंत्राला ओळखता येत नाही. तो नोंदणी, उत्तरदायित्व व कायदा यांच्याद्वारेच करावा लागतो.

समारोप

धातूच्या किल्लीच्या काळात चोर व मिस्त्री यांचे ज्ञान समान होते. संकेताच्या किल्लीने चोराला दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यात तिला मोठ्या प्रमाणात यश आले, परंतु त्याबरोबर मिस्त्रीलाही दूर सारले. अधूनमधून सुरू न होणारी मोटार ही या स्थित्यंतराची किंमत असून ती शहरापासून दूर राहणाऱ्या वाहनधारकाला अधिक मोजावी लागते. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात इमोबिलायझरच्या क्रमबद्ध निदानाला पुरेसे स्थान मिळाले आणि प्रशिक्षित मिस्त्रींची अधिकृत नोंदणी होऊन त्यांना संकेत मिळू लागले, तर ही किंमत बरीच कमी होऊ शकेल. सुरक्षा आणि दुरुस्ती या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. मालकाला न ओळखणारे कुलूप सुरक्षित म्हणता येत नाही.