लांगदॉक

लांगदॉक : दक्षिण फ्रान्समधील भूमध्य समुद्राकाठचा द्राक्षशेतीचा प्रदेश. पूर्वेस रोन नदी, उत्तरेस सेव्हेन पर्वत, नैर्ऋत्येस कॉर्बिएरच्या रखरखीत टेकड्या आणि मध्ये समुद्राकडे उतरत जाणारे मैदान, असा हा पट्टा आहे. ओद, एरो आणि गार हे तीन जिल्हे मिळून तो बनतो. नारबॉन, बेझिए, माँपेलिए आणि नीम ही त्यातील प्रमुख शहरे. प्रशासकीयदृष्ट्या तो आज ऑक्सितानी या मोठ्या प्रांतात मोडतो. शेजारच्या रूसियाँसह पाहिल्यास फ्रान्समधील द्राक्षलागवडीखालील जमिनीचा पाव हिश्शाहून अधिक भाग इथे आहे. तरीही बोर्दो किंवा बर्गंडीचा मान या प्रदेशाला कधी मिळाला नाही. शतकभर हा प्रदेश कामगारांच्या जेवणाची स्वस्त वाइन पिंपे भरभरून पुरवत राहिला, आणि त्याचा स्वभाव घडला तो त्या धंद्यातल्या चढउतारांतून.

उन्हाळा कडक व कोरडा असतो. पाऊस मुख्यतः शरद ऋतूत आणि तोही अनेकदा एकदम कोसळतो. वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याला ओदमध्ये ‘सेर्स’ म्हणतात. तो वेलींवरील ओल वाळवतो, त्यामुळे भुरी व केवडा यांचा त्रास इथे उत्तरेपेक्षा कमी. समुद्रावरून येणारा ‘मारँ’ हा दमट वारा मात्र रोग घेऊन येतो, म्हणून बागायतदार वाऱ्याची दिशा पाहून फवारणीचा दिवस ठरवतात. टेकड्यांवर ‘गारिग’ नावाचे खुरटे रान असते. रोझमेरी व पुदिन्याच्या कुळातील इतर रानवनस्पती आणि काटेरी ओक यांनी ते भरलेले आहे. जुन्या बागांत तारा किंवा मंडप नसतात. कारीन्याँ, ग्रनाश यांसारख्या वाणांच्या वेली जमिनीलगत झुडपासारख्या छाटून ठेवलेल्या दिसतात.

द्राक्षे इथे रोमन काळापासून आहेत, पण द्राक्षांखेरीज काहीच न पिकवण्याची रीत फार जुनी नाही. अठराव्या शतकापर्यंत गहू, ऑलिव्ह, मेंढपाळी आणि लोकरी कापड असा मिश्र व्यवहार होता. प्येर-पॉल रिके याने १६६६ मध्ये काम सुरू केलेला मिदी कालवा १६८१ मध्ये खुला झाला आणि मालाला वाट मिळाली. खरी उलथापालथ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या रेल्वेने केली. पॅरिस आणि उत्तरेकडील खाणी-कारखान्यांत पातळ, स्वस्त तांबडी वाइन पोचू लागताच मैदानातल्या गव्हाच्या शेतांत आरामाँ हा भरघोस पिकणारा वाण आला. बेझिएच्या आसपास व्यापाऱ्यांनी बांधलेले दिमाखदार वाडे त्या पैशाची साक्ष देतात.

१८६० च्या दशकात गार जिल्ह्यात वेली कारण न कळता वाळू लागल्या. मुळांतील रस शोषणारी फिलॉक्सेरा ही मावेसारखी कीड त्यामागे असल्याचे १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ यांनी सहकाऱ्यांसह ओळखले. ही कीड अमेरिकेतून आली होती आणि उपायही तिथूनच आला. अमेरिकी वेलींची मुळे तिला दाद देत नसल्याने त्यांच्या खुंटावर युरोपी वाणांचे कलम करण्यात आले. (महाराष्ट्रातील बागांत रुळलेला डॉगरिज हाही मूळ अमेरिकी खुंट, मात्र तो आणला गेला तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी.) पुनर्लागवडीला भांडवल लागले. लहान शेतकरी कर्जात बुडाला आणि नव्या बागा टेकड्या सोडून मैदानात उतरल्या, कारण तिथे उतारा अधिक.

विसाव्या शतकाच्या आरंभी भाव कोसळले. साखर व पाणी घालून बनवलेली बनावट वाइन, अल्जीरियातून सेत बंदरात उतरणारी गडद वाइन आणि स्वतःचेच अतोनात उत्पादन, अशी तीन कारणे होती. शेतकऱ्यांनी पहिल्या कारणावर बोट ठेवले. ते खोटे नव्हते, पण तिसऱ्याची चर्चा त्यांनी सोयीस्करपणे टाळली, असे म्हणावे लागते. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए गावातील ८७ जण वाइनच्या संकटाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीला भेटण्यासाठी नारबॉनला चालत निघाले. त्यांचा म्होरक्या मार्सेलँ आल्बेर हा गावातला कॅफेवाला आणि बागायतदार. त्यानंतर दर रविवारी वेगवेगळ्या शहरांत सभा भरू लागल्या आणि ९ जूनच्या माँपेलिएच्या सभेला पाच लाखांहून अधिक लोक आल्याचे समकालीन अंदाज आहेत. महापौरांनी राजीनामे दिले, करभरणा थांबला. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवले. नारबॉनमध्ये १९ व २० जूनला गोळीबार झाला, माणसे मेली. हे कळताच मुख्यतः याच मुलखातले तरुण भरलेल्या सतराव्या पायदळ तुकडीतील सुमारे ५०० सैनिकांनी बंड केले आणि ते बेझिएत येऊन थांबले. पुढे या सैनिकांची रवानगी ट्युनिशियातील गाफ्सा येथे झाली. क्लेमांसो यांनी भेटीस आलेल्या आल्बेरला परतीच्या प्रवासासाठी १०० फ्रँक दिले आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांना सांगितली. भोळ्या पुढाऱ्याचा मान तिथेच संपला. २९ जूनला वाइनमधील भेसळीविरुद्ध कायदा झाला. आंदोलनाने हे मिळवले, पण भाव पक्का केला नाही.

सहकार हे या गावांचे दुसरे बळ. बेझिएजवळच्या मारोसाँ येथे १९०१ मध्ये ‘मुक्त बागायतदार’ या नावाची संस्था निघाली. पॅरिसच्या कामगार ग्राहक संस्थांना थेट वाइन विकून मधला व्यापारी टाळायचा, हा हेतू होता. समाजवादी नेते जाँ झोरेस १९०५ मध्ये तिथे जाऊन आले. पुढे सहकारी वाइनरी गावोगाव उभ्या राहिल्या. आपल्याकडे साखर कारखान्याभोवती जसे गावाचे राजकारण फिरते, तसेच इथे वाइनरीच्या संचालक मंडळाभोवती फिरत आले आहे. शेतकरी द्राक्षे आणून घालतो, ती वजन व साखरेच्या प्रमाणावर जमा होतात आणि पैसे हप्त्यांनी मिळतात.

गावाचे जुने घर खाली पिंपे व घोड्यासाठी मोठ्या दाराचे, वर राहण्याची जागा असे असते. चौकात प्लेन वृक्षांच्या सावलीत कॅफे, जवळच पेताँक या गोळाफेकीच्या खेळाचे मैदान. डिसेंबर ते मार्च छाटणी चालते. कापलेल्या काड्या जाळून त्यांवर मांस भाजतात. काढणी ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पूर्वी तिला स्पेनमधून मजुरांची कुटुंबे येत. आता मैदानातली बहुतेक काढणी यंत्राने होते आणि तीसुद्धा रात्री, म्हणजे द्राक्षे थंड राहतात. ऑक्सितान भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि शेतांच्या नावांत उरली आहे. रग्बी मात्र जिवंत आहे. बेझिएच्या संघाने फ्रेंच अजिंक्यपद ११ वेळा जिंकले आणि त्यांतले १० विजय १९७१ ते १९८४ या काळातले.

त्याच काळात संताप पुन्हा उफाळला होता. ४ मार्च १९७६ रोजी माँरेदाँ येथे स्वस्त इटालियन वाइनविरुद्धच्या निदर्शनांत एक बागायतदार आणि एक पोलीस अधिकारी ठार झाला. फ्रेंच माणसाचे वाइनपान १९६० च्या सुमारास वर्षाला १०० लिटरहून अधिक होते, ते पुढे निम्म्याहून खाली आले. आरामाँ उपटून सिरा, मुर्व्हेद्र हे वाण लावण्यात आले. १९४८ मध्ये फितू या पट्ट्याला आणि १९८५ मध्ये मिनर्व्हा व कॉर्बिएर यांना नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला. दर्जा सुधारला यात वाद नाही, पण लांगदॉकच्या उत्तम बाटलीलाही बोर्दोच्या मध्यम बाटलीचा भाव मिळवताना झगडावे लागते.

अलीकडचे संकट हवामानाचे आहे. २८ जून २०१९ रोजी एरोमधील व्हेरार्ग येथे ४६ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या दिवशी अनेक बागांतील पाने व घड करपले. २०२४ मध्ये सरकारने बाग कायमची उपटण्यासाठी हेक्टरी ४,००० युरो देऊ केले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॉर्बिएरमध्ये लागलेल्या आगीत सुमारे १६,००० हेक्टर क्षेत्र जळाले. बागा होत्या तोवर त्या आगीला अटकाव करत, आणि बागा उपटलेल्या जमिनीवर माजलेल्या रानाने ती आग अधिक वेगाने पसरली, असे तिथल्या बागायतदारांचे म्हणणे आहे.