फुकट आणि मुक्त

ज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ मोजतो. ते ज्या कपाटात ठेवले, त्याची किल्ली कोणाकडे होती हे क्वचितच विचारतो. ऑनलाइन शिक्षणाच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न निर्णायक ठरला, असे मला वाटते.

२००२ साली ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी 'मूडल' खुले केले. कोणत्याही शाळेने ते घ्यावे, हवे तसे बदलावे. पुढे २०१२ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांनी 'एडएक्स' काढले व २०१३ मध्ये त्याचा कोड एजीपीएल परवान्याखाली सर्वांना दिला. या परवान्याची अट अशी की, कोड बदलून लोकांना सेवा देणाऱ्याने बदललेला कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा.

याच कोडवर मुंबईच्या आयआयटीने 'आयआयटीबॉम्बेएक्स' उभारले. जॉर्डनमध्ये राणी रानिया फाउंडेशनने २०१४ मध्ये अरबी भाषेत 'इदराक' सुरू केले. इदराक म्हणजे आकलन. उर्दू वाचणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे पडद्याची सगळी मांडणी फिरवावी लागली. ते काम मूळ कोडमध्ये जमा झाले. एका भाषेने घेतलेले कष्ट उर्दू-फारसीच्याही उपयोगी पडू शकतात, ते असे.

२०२१ मध्ये हार्वर्ड-एमआयटीने एडएक्स ८० कोटी डॉलरला 'टूयू' या कंपनीला विकले. २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पण खुल्या कोडचा प्रकल्प विक्रीतून वगळून ना-नफा संस्थेकडे ठेवला होता. विकिमीडियाने आपल्या स्वयंसेवकांसाठी उभारलेले 'विकिलर्न' याच कोडवर चालते. विकिपीडियाच्याच खात्याने तिथे प्रवेश मिळतो.

तरी एक गोष्ट विसरता कामा नये. कोड खुला होता म्हणून एडएक्सवरचे धडे खुले झाले नाहीत. त्यांचे हक्क बहुतेक विद्यापीठांकडेच राहिले. कपाट सर्वांचे, पुस्तके मात्र कुलपात!

मराठी शिक्षक आज मेहनतीने धडे तयार करून कुठल्याशा कंपनीच्या ॲपवर ठेवतात. ते फुकट दिसतात, म्हणून मुक्त आहेत असे आपण समजतो. ती कंपनी उद्या बंद पडली, तर हे धडे उचलून दुसरीकडे नेता येतील का? त्यात दुसऱ्या शिक्षकाला दुरुस्ती करता येईल का? ही दोन उत्तरे 'हो' असतील, तरच ते ज्ञान समाजाचे. नाहीतर आपण दुसऱ्याच्या जागेत घर बांधतो आहोत.