आठवी पासची अट

उमरखेडवरून नागपूर–तुळजापूर महामार्ग जातो. आज त्या रस्त्यावरच्या रोजगाराकडे बघू. समजा, मजुरी करत चाळिशी गाठलेला माणूस आहे. त्याला ट्रक चालवून कायमचं काम हवंय, पण शाळा सहावीतच सुटलेली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ८ त्याला अडवायचा, कारण व्यावसायिक परवान्याला आठवी पास लागायचं. हरियाणा सरकारने मेवातमधल्या गरिबांसाठी ही अट काढायची विनंती केली. देशात तेव्हा सुमारे २२ लाख चालकांची कमतरता सांगितली जात होती. २०१९मध्ये अट गेली. चाचणी मात्र राहिली आणि आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवानाही लागतोच. म्हणजे चाळिशीतला उमेदवार ट्रकवर चढेपर्यंत आणखी एक वर्ष जातं. तोवर घर कशावर चालायचं, हा प्रश्न आपण सोडून चालणार नाही.