फ्रॅजाइल म्हणजे नाजूक?

मागच्या महिन्यात आईला घेऊन शिर्डीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर आईने साईबाबांची प्लास्टरची एक मूर्ती घेतली. दुकानदाराने ती थर्माकोलमध्ये बसवली, खोका बांधला आणि वर लाल स्टिकर चिकटवला. काचेच्या पेल्याचं चित्र आणि खाली 'फ्रॅजाइल'. आईने विचारलं, "म्हणजे नाजूक ना रे?" मी मान डोलावली. घरी येऊन बघितलं, तर उत्तर जरा चुकलंच होतं.

शब्द मूळचा लॅटिन. 'फ्रांगेरे' म्हणजे मोडणे, त्यावरून 'फ्रागिलिस', म्हणजे सहज मोडणारा. फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅगमेंट ही त्याच घरातली भावंडं. 'ब्रेक' हा लांबचा चुलतभाऊ, कारण लॅटिन 'फ'च्या जागी इंग्रजीत 'ब' येतो. 'फ्रातेर' आणि 'ब्रदर' बघा, आणि शेजारी आपला 'भ्राता'! गंमत म्हणजे सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आधी माणसांना लागला. मोहाला सहज बळी पडणारा, असा अर्थ. वस्तूंना तो १६०० च्या सुमारास लागला.

आणि आपला 'नाजूक'? तो फारसी. जाईचं फूल नाजूक असतं, पण ते फुटत नाही. फ्रॅजाइलच्या जास्त जवळचा शब्द 'भंगुर'. संस्कृत 'भञ्ज्' म्हणजे मोडणे, त्याला प्रत्यय लावून हा शब्द कसा होतो ते पाणिनीने सूत्रात सांगितलंय. मोडणं हा ज्याचा स्वभावच आहे, तो भंगुर.

मग शिर्डीच्याच दोन गोष्टी आठवल्या. दोन्ही हेमाडपंतांच्या 'श्री साईसच्चरिता'तल्या. साईबाबांनी बाग लावली होती. तिला पाणी घालायला वामन तात्या त्यांना रोज दोन घडे द्यायचे, तेही न भाजलेले, कच्चे. काम झालं की बाबा ते निंबाखाली ठेवत आणि ते फुटून जात. दुसऱ्या दिवशी नवे घडे. आमच्या भाषेत सांगायचं तर फेल्युअर आधीच डिझाइनमध्ये धरलेलं!

दुसरी गोष्ट विटेची. बाबांनी वर्षानुवर्षं जवळ ठेवलेली वीट एका मुलाच्या हातून पडून फुटली. तेव्हा मात्र बाबा फार कष्टी झाले. वीट नाही, माझं प्रारब्धच फुटलं, अशा अर्थाचं बोलले. थोड्याच दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी त्यांनी देह ठेवला.

रोज घडे फुटले तरी ज्यांना काही वाटलं नाही, त्यांनाच एक वीट फुटल्याचं इतकं दुःख झालं. मला यात विसंगती दिसत नाही. वस्तू भंगुर आहे हे माहीत असणं वेगळं आणि तिच्यात जीव गुंतणं वेगळं.

असो. मूर्ती सुखरूप पोचली. आईला भंगुरचा अर्थ सांगितला, तर म्हणाली, "मग वरच्या फळीवर नको, खालीच ठेव. पुसताना हात पोचला पाहिजे."