मतदारांचा गव्हर्नर, एकाकी सिनेटर

लोकशाहींत लोकमताला मान द्यावा, हें सर्वांनाच मान्य असतें. परंतु सारें लोकमत एकाच दिशेनें धांवूं लागलें, तर लोकांनींच निवडून दिलेल्या प्रतिनिधीनें त्याच्यामागें जावें, कीं स्वतःच्या बुद्धीस पटेल तें बोलावें? अमेरिकेंतील रॉबर्ट ला फॉलेट यांच्यापुढें हा प्रश्न फार कठोरपणें उभा राहिला.

१८५५ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. मॅडिसन येथील विद्यापीठाची पदवी घेऊन ते वकील झाले आणि १८८५ पासून १८९१ पर्यंत रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधि म्हणून वॉशिंग्टनला होते. १८९१ सालींच त्यांच्या आयुष्याला वळण मिळालें. संस्थानाच्या माजी खजिनदारांनीं सरकारी पैशावरील व्याज स्वतःकडे ठेवल्याबद्दल खटले चालू होते आणि न्यायाधीश होते ला फॉलेट यांचे मेहुणे. पक्षाचे धनाढ्य पुढारी सिनेटर सॉयर यांनीं या खटल्यांसाठीं आपणांस पैसे देऊं केले, असें ला फॉलेट यांनीं जाहीर केलें. सॉयर यांनीं त्याचा इन्कार केला. पक्षांतील वजनदार मंडळी त्यानंतर त्यांच्या विरुद्ध गेली.

त्या काळीं उमेदवार ठरत ते पक्षाच्या परिषदेंत, आणि परिषदेवर छाप असे रेल्वे-कंपन्यांची व लांकडाच्या बड्या व्यापाऱ्यांची. १८९६ आणि १८९८ सालीं ला फॉलेट तेथेंच हरले. १९०० सालीं मात्र ते गव्हर्नर निवडून आले. कायदेमंडळाच्या कोणत्या सभासदानें कोणत्या बिलावर कसें मत दिलें, हें ते भरसभेंत नांवानिशीं वाचून दाखवीत. १९०३ सालीं रेल्वेच्या मालमत्तेवर किंमतीप्रमाणें कर बसला. १९०४ सालीं उमेदवार निवडण्याचा अधिकार परिषदेकडून निघून थेट मतदारांच्या हातीं आला. १९०५ सालीं रेल्वेच्या दरांवर देखरेख करणारें मंडळ स्थापन झालें.

सिनेटर तेव्हां कायदेमंडळ निवडीत असे. त्याप्रमाणें निवड होऊन १९०६ च्या जानेवारींत ते सिनेटमध्यें गेले. रेल्वेदरांवर ते बोलूं लागले तेव्हां पुष्कळ सभासद उठून बाहेर गेले. आज तात्पुरत्या रिकाम्या झालेल्या या जागा उद्यां कायमच्याहि रिकाम्या होतील, असा इशारा त्यांनीं दिला.

खरी कसोटी आली १९१७ सालीं. ४ एप्रिलला जर्मनीविरुद्ध युद्धाच्या ठरावावर सिनेटमध्यें बाजूनें ८२ आणि विरुद्ध ६ मतें पडलीं. त्या सहांत ला फॉलेट होते. ज्या गरिबांना रणांगणावर मरावें लागणार, त्यांचें मत कोणींच विचारलेलें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. सप्टेंबरांतील सेंट पॉल येथील त्यांच्या भाषणाचा विपर्यस्त वृत्तांत देशभर छापला गेला. त्यांना सिनेटमधून काढून टाकावें असे अर्ज आले. त्यांच्याच विद्यापीठांतील बहुतेक अध्यापकांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या. ज्या मतदारांच्या हातीं सत्ता यावी म्हणून ते झगडले, त्यांच्यांतीलच असंख्य लोक त्यांना देशद्रोही म्हणूं लागले.

ला फॉलेट यांनीं माघार घेतली नाहीं. युद्ध संपल्यावर, १९१९ च्या जानेवारींत, सिनेटनें ५० विरुद्ध २१ मतांनीं तें प्रकरण निकालांत काढलें. १९२२ सालीं विस्कॉन्सिननें त्यांना प्रचंड बहुमतानें पुन्हां निवडून दिलें. १९२४ सालीं अध्यक्षपदासाठीं स्वतंत्रपणें उभे राहून त्यांनीं ४८ लाखांहून अधिक मतें मिळविलीं. संस्थान मात्र एकच जिंकलें, स्वतःचें. १८ जून १९२५ रोजीं ते वारले.

१९५७ सालीं जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सिनेटच्या इतिहासांतील पांच थोर सभासद निवडले, त्यांत ला फॉलेट हें एक नांव होतें. ज्या सिनेटमधून त्यांना घालवूं पाहत होते, तिच्याच स्वागत-दालनांत त्यांचें चित्र लागलें. मतदारांवरील त्यांचा विश्वास अखेर खोटा ठरला नाहीं. पण तो खरा ठरेपर्यंत त्यांना एकाकी उभें राहावें लागलें.