बेलापूरचा गवताळ ऊस व खुजेपणाचे कोडे

प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रातील बेलापूर (जि. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) येथे 1949 साली उसाच्या फडात एक विचित्र वाढ दृष्टीस पडली. बुडख्यापासून असंख्य बारीक फुटवे निघालेले. पाने अरुंद, आखूड, कागदासारखी पातळ व फिकट पिवळी, क्वचित पांढरीशुभ्र. आणि गाळपास योग्य असा ऊस मात्र एकही नाही. दुरून पाहणाऱ्यास ते गवताचे ठोंबच वाटावे. ‘गवताळ वाढ’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या रोगाची भारतातील पहिली नोंद ती हीच. बी. एल. चोना यांच्या 1958 च्या लेखाने ती शास्त्रीय वाङ्मयात रूढ झाली.

भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाल्यावर या खोऱ्यात ऊस स्थिरावला. हरेगावच्या खाजगी कारखान्यामागून 1950-51 च्या हंगामात लोणीस सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. शेतकरी आपली पुंजी उसात घालीत असता नेमका त्याच सुमारास हा रोग प्रकट व्हावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ऊस बियांपासून नव्हे, कांड्यांपासून लावतात. रोगट परंतु वरकरणी निकोप बेणे परगावी गेले की रोगही बरोबर गेला. खोडव्यात तर तो अधिकच उघड होई.

चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या अभावीही ऊस पांढुरका पडतो. त्यास शेतकरी केवडा म्हणतात. परंतु हिराकशीच्या फवाऱ्याने केवडा पडलेला ऊस हिरवा होतो, गवताळ बेट होत नाही. बांधावर उभे राहून करता येणारी ही कसोटी होय.

मूळ कारण विषाणू असावा, असा समज दीर्घकाळ होता. 1967 साली जपानात योजी दोई व त्यांच्या सहकाऱ्यांना तुतीच्या खुजेपणाच्या रोगात, झाडाच्या रसवाहिन्यांत, भित्तिकाहीन सूक्ष्म जीव आढळले. त्याच वर्षी टेट्रासायक्लिन दिलेल्या तुतीची बारीक पाने पुन्हा नेहमीसारखी येऊ लागल्याचे दिसले. औषध थांबताच खुजेपणा परतला. विषाणूवर या औषधाचा असा परिणाम संभवत नाही. 1971 मध्ये गवताळ उसातही तसेच जीव आढळले. त्यांना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात.

बागेतील खुजी झाडे पूर्वपदावर येतात, त्याची कारणेही अशी दोन प्रकारची आहेत. कॅनडातील आल्बर्टात 1904 साली सापडलेल्या खुज्या स्प्रूसवर मधूनच एखादी फांदी मूळ जातीप्रमाणे उंच वाढू लागते व माळी ती छाटतो. तेथे बदल झाडाच्या स्वतःच्या पेशींतला असतो. पॉइन्सेटियाची गोष्ट निराळी. कुंडीतील त्याची ठेंगणी, भरगच्च रोपे ही जातीची देणगी नसून फायटोप्लाझ्माची करामत आहे, हे 1997 साली सिद्ध झाले. तो जीव काढून टाकला की रोप मोजक्या फांद्यांचे व उंच होते. उसात ज्याने संसार बुडतो, त्याच जातकुळीचा जीव कुंडीवाल्यास हवासा वाटतो! नर्सरीवाले तर ही ‘करामत’ कारण ठाऊक नसतानाही कलमांद्वारे एका रोपातून दुसऱ्यात नेत असत.

उसास पूर्वपदावर आणण्याचा मार्ग उष्णतेचा. बेणे 54 अंश सेल्सिअसच्या दमट उष्ण हवेत अडीच तास ठेवतात व त्यापासून बेणेमळा तयार करतात. तरीही मळ्यात एखादे गवताळ बेट उगवल्यास ते मुळासकट उपटावे लागते. त्या बेटातील एखादा ऊस सरळ व हिरवागार दिसला, तरी त्याची एक कांडीही बेण्यास चालत नाही.